मिरजेचं कार्ड: दवाखान्याचा इतिहास कुणाच्या घरात असतो?

आजचा भाग जरा घरगुती आहे. रेकॉर्डिंगमध्ये मी दोन-तीनदा भरकटलो होतो, ते इथं लिहिताना काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

मी खंडाळ्याचा. लोणावळ्याशेजारचा, सिनेमाच्या गाण्यातला खंडाळा वेगळा. आमचा साताऱ्याचा. पुण्याहून निघाल्यावर शिरवळ मागं पडलं की खंबाटकी घाट चढायच्या आधी जे गाव लागतं, ते. हे मला ऑफिसात दर नव्या माणसाला सांगावं लागतं, त्यामुळं आता सवय झालीय.

आमच्या लहानपणी घरात एक वाक्य होतं. कुणी फार आजारी असलं की म्हातारी माणसं म्हणायची, "मिरजेला न्यायला लागंल." गंमत म्हणजे तोवर मिरजेला कुणी जात नव्हतं. हायवे चौपदरी झाला होता, पुणं तासा-दीड तासावर आलं होतं, आणि आमची सगळी दुखणी पुण्याकडं वळली होती. पण शब्द तोच राहिला. "मिरजेला न्यायचं" म्हणजे आता साधं काम नाही. गावातल्या डॉक्टरनं हात टेकले, वाईच्या मिशन दवाखान्यातही जमलं नाही, म्हणजे मिरज. मला कितीतरी वर्षं मिरज म्हणजे एक मोठा दवाखाना आहे असंच वाटायचं. तिथं गाव आहे, जंक्शन आहे, सतारी बनतात, हे सगळं नंतर कळलं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरातली पत्र्याची ट्रंक उघडली. वडिलांना जमिनीचा एक कागद हवा होता. तो सापडला नाही, पण जुन्या रेशनकार्डाच्या आत घडी घालून ठेवलेलं एक जाड कागदाचं कार्ड निघालं. पिवळं पडलेलं. वर इंग्रजीत छापील नाव, मिरज मेडिकल सेंटर. खाली एक नंबर, आज्जीचं नाव चुकीच्या स्पेलिंगनं, नवऱ्याचं नाव, गाव खंडाळा, आणि जिल्ह्याच्या जागी शाईनं लिहिलेलं: उत्तर सातारा. तारीख १९६९ ची.

आता मी सॉफ्टवेअरवाला माणूस. माझी पहिली प्रतिक्रिया, कारकुनानं चुकीचं लिहिलंय. उत्तर सातारा नावाचा जिल्हा कुठं आहे? मग शोधलं. १९४९ साली संस्थानं विलीन झाल्यावर जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. मिरज दक्षिणेत गेली. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं आणि उत्तर सातारा परत नुसता सातारा झाला. म्हणजे जिल्ह्याचं नाव बदलून नऊ वर्षं झाली तरी त्या खिडकीतल्या माणसाचा हात जुनंच नाव लिहीत होता. मला तो माणूस एकदम आवडला. आपणही अजून बॉम्बे सेंट्रल म्हणतोच की.

पण त्या एका ओळीनं मला कामाला लावलं. म्हटलं, हा दवाखाना नक्की काय होता ते बघू.

थोडक्यात सांगतो, कारण हा भाग बऱ्याच जणांना माहीत असेल. विल्यम जेम्स वानलेस. जन्म १८६५, कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधला. डॉक्टर झाला न्यूयॉर्कमध्ये, आणि १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आपल्याकडं आला. आधी सांगलीत छोटा दवाखाना काढला, मग मिरजेला हलला. मिरज तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. संस्थानानं जागा दिली, अमेरिकेतल्या देणगीदारांनी पैसे दिले, आणि १८९४ साली हॉस्पिटल उभं राहिलं. मिरज रेल्वेचं जंक्शन होतं हे इथं फार महत्त्वाचं. कोल्हापूरकडून, बेळगावकडून, पुण्याकडून माणूस गाडीत बसला की थेट मिरजेला उतरणार. त्या काळात चांगला सर्जन आणि रेल्वे स्टेशन एका गावात असणं म्हणजे काय हे समजायला आज आपल्याला थोडी कल्पना लढवावी लागते.

मोतीबिंदू, मुतखडे, पोटातल्या गाठी. ही शस्त्रक्रिया इथं व्हायची आणि बातमी तोंडातोंडी पसरायची. १८९७ साली वानलेसनं मुलांना डॉक्टरकीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, कारण एकट्यानं निभणार नव्हतं. १९०० साली कुष्ठरोग्यांसाठी वेगळी संस्था. १९२० साली सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम, ज्याच्यावरून त्या भागाला वानलेसवाडी म्हणतात. कोल्हापूरला त्याच्या पहिल्या बायकोच्या नावाचं मेरी वानलेस हॉस्पिटल आहे. १९२८ साली इंग्रज सरकारनं 'सर' केलं, त्याच सुमारास तो निवृत्त होऊन अमेरिकेला गेला आणि १९३३ मध्ये वारला. त्याच्यानंतर डॉ. चार्ल्स वेल यांनी सांभाळलं. पुढं सगळ्या संस्थांचं मिळून मिरज मेडिकल सेंटर झालं, आणि १९६२ साली मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं तेव्हा सुरुवातीला त्या पोरांना पेशंट बघायला याच हॉस्पिटलचा आधार होता. आज मिरजेत एका रस्त्यावर जेवढे दवाखाने दिसतात त्याचं मूळ इथं आहे असं तिथली माणसं सांगतात, आणि मला ते पटतं.

तर हा झाला इतिहास. मिळायला अवघड नाही. माझा प्रश्न वेगळा होता: हा मिळतो कुठून?

वानलेसनं स्वतः पुस्तक लिहिलं, १९३२ साली न्यूयॉर्कला छापलं. नाव 'ॲन अमेरिकन डॉक्टर ॲट वर्क इन इंडिया'. (जन्म कॅनडाचा, पण अमेरिकेत पुस्तक खपवायचं तर अमेरिकन लिहिणं बरं असावं.) त्याच्या दुसऱ्या बायकोनं, लिलियन एमरी वानलेसनं, त्याचं चरित्र लिहिलं, ते १९४४ साली बोस्टनहून निघालं. मिशनची पत्रं, कागद हे फिलाडेल्फियात, प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीकडं. ती संस्था १८५२ पासून कागद सांभाळतेय आणि फार शिस्तीनं सांभाळतेय. म्हणजे मिरजेच्या दवाखान्याबद्दल अभ्यास करायचा तर चांगली जागा पेनसिल्व्हेनियात आहे.

यात मला मिशनवाल्यांचा दोष दिसत नाही. उलट त्यांनी लिहून ठेवलं म्हणून काहीतरी आहे. पण कुणासाठी लिहिलं हे लक्षात ठेवायला हवं. पैसे देणाऱ्यांसाठी. तिकडच्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की आपले डॉलर कामी आले. त्यामुळं त्या लिखाणात डॉक्टर दमलेला आहे, दिवा मिणमिणतोय, पेशंट बैलगाडीतून आलाय आणि बरा होऊन गेलाय. सगळं खरं असेल. पण तो बैलगाडीवाला माणूस त्यात बोलत नाही. तो फक्त येतो आणि बरा होतो. घरी जाऊन काय म्हणाला, बैल कुणाचे होते, ऑपरेशनला घरातून कुणी नाही म्हटलं होतं का, हे फिलाडेल्फियात नाही. असणारही नाही.

इथं मला एक गोष्ट सापडली आणि ती मी आमच्या या कार्यक्रमात गेले कित्येक महिने सांगायची म्हणत होतो. वासुदेवशास्त्री खरे. मिरज हायस्कूलमधले संस्कृतचे मास्तर. पटवर्धनांच्या दप्तरातले मोडी कागद वाचून, नकला करून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला. साल १८९७. पुढं १९२४ मध्ये वारेपर्यंत ते हेच करत होते, बारा खंड झाले. पानिपतानंतरचा मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही त्या खंडांशिवाय पुढं जाता येत नाही.

आता साल परत बघा. १८९७. त्याच वर्षी, त्याच गावात वानलेस मुलांना शरीरशास्त्र शिकवायला लागला होता. एक मास्तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पत्रं उतरवून घेतोय, आणि जवळच दवाखान्यात रोज नवं रजिस्टर भरतंय. नाव, गाव, वय, दुखणं. आणि पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, तोही आमच्या शेजारच्या वाईत सापडलेल्या कागदांवर. म्हणजे या सगळ्या पट्ट्यात लोक अक्षरशः घराघरांत शिरून, माळ्यावर चढून, वाण्याच्या दुकानातल्या रद्दीतून कागद वाचवत होते.

पण त्यांना हवे होते ते सरदारांचे, कारभाऱ्यांचे, लढायांचे कागद. चूक नाही, तेव्हा तीच निकड होती, आपला इतिहास दुसरा कुणीतरी लिहीत होता. दवाखान्याचं रजिस्टर हा इतिहास असू शकतो हे खऱ्यांच्या डोक्यात आलं नाही आणि वानलेसच्याही आलं नसावं. तरी मला हळहळ वाटते. प्लेगाच्या आणि दुष्काळाच्या त्या वर्षांत कोणत्या गावातून किती बायका आल्या, किती उशिरा आल्या, हे त्या रकान्यांमध्ये होतं. लढाईत किती घोडे पडले याची यादी आपल्याकडं आहे.

मिरजेचंच दुसरं उदाहरण. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या आठवणीत मिरासाहेबांच्या दर्ग्यात आजही दरवर्षी गायक येऊन हजेरी लावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. म्हणजे हे गाव विसरभोळं नाही. गाण्याचं काय करायचं हे त्याला नीट कळतं, कारण गाणं परत गाता येतं. ऑपरेशनचं काय करायचं?

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल, आणि एक कबुली.

बीटेक झाल्यावर माझी पहिली नोकरी हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. कंपनीचं नाव सांगत नाही, हॉस्पिटलचं तर नाहीच. काम काय, जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये आणायचा. मीटिंगमध्ये ठरलं की पाच वर्षांपेक्षा जुनं काही आणायचं नाही, डिस्क महाग पडते आणि कुणी बघत नाही. स्क्रिप्ट मी लिहिली. चाचणीला म्हणून एकदा जुनं टेबल उघडून बघितलं तर त्यात 'शेरा' नावाचा रकाना होता. नर्सेसनी त्यात मनाला येईल ते टाइप केलेलं. 'सोबत नातेवाईक नाही, शेजारीण घेऊन आली.' 'डबा नको म्हणाले, उपास आहे.' 'मुलगा दुबईत, फोन लागत नाही.' नव्या सिस्टिममध्ये तो रकानाच नव्हता. मी बावीस वर्षांचा होतो, शुक्रवारची डेडलाइन होती. स्क्रिप्ट चालवली. सर्व्हर पुढं भंगारात गेला.

कायद्यानं काही चुकलं नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात भरती झालेल्या पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवा असं आहे. तीन. पोलीस केस असली तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत दुसरा आकडा आहे: तिथल्या खासगीपणाच्या नियमाप्रमाणं माणूस वारल्यावरही पन्नास वर्षं त्याची आरोग्याची माहिती झाकलेली राहते, मग अभ्यासकांना मोकळी होते. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहून ठेवलेत. एका ठिकाणी कायदा विचारतो, किती वर्षं जपायचं. दुसऱ्या ठिकाणी विचारतो, किती वर्षं झाकायचं. आपल्याकडं दुसरा प्रश्न आत्ता कुठं, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर, लोक विचारायला लागलेत. तोवर आपली गुपितं सुरक्षित होती ती कायद्यामुळं नाही, रद्दीवाल्यामुळं.

हे वाक्य मी विनोद म्हणून लिहिलं होतं. मग आज्जीशी बोललो आणि ते तेवढं विनोदी राहिलं नाही.

तर आज्जी. वय ऐंशीच्या पुढं. ऐकू कमी येतं पण आठवण शाबूत. मी फोन रेकॉर्डिंगला लावून तिच्यापुढं ठेवला आणि कार्ड दाखवलं. दोन तास बोलली. इतकी मी तिला आयुष्यात बोलताना ऐकली नव्हती.

१९६९ साली ती पंचविशीत होती. माझे वडील चार वर्षांचे, त्यांना चुलतीकडं ठेवलं. खंडाळ्याहून एसटीनं लोणंद, आणि लोणंदहून रेल्वे. मी म्हटलं, हायवेवर गाव आपलं, सरळ एसटीनं का नाही गेलात? तर म्हणाली, "आरं, बसवतंय कुणाला? गाडीत आडवं तरी पडाया येतंय." लाइन अजून मीटरगेजच होती, कोळशाचं इंजिन. वाठार, कोरेगाव, कराड, स्टेशनं आली की आजोबा तिला हलवून नाव सांगायचे, म्हणजे ती जागी आहे ना हे बघायचे. किर्लोस्करवाडीला दिवे फार होते, तेवढं तिला आठवतं. पहाटे मिरज. टांगा. टांगेवाल्याला कुठं जायचं हे सांगावं लागलं नाही.

एक बैल विकून पैसे नेले होते. आजोबांनी दवाखान्याजवळ एका म्हाताऱ्या बाईची खोली घेतली होती आणि तिथं स्टोव्हवर ते भाकरी करायचे. आयुष्यात पहिल्यांदा. "एकीकडं कच्ची, एकीकडं जळल्याली. पण मी खायची. न खाऊन सांगती कुणाला." नर्स केरळची होती. मराठी बोलायची पण प्रत्येक वाक्य वर चढवून संपवायची, आज्जीनं तिची नक्कल करून दाखवली. त्या नर्सनं तिला रोज विचारायचं, "घरी मूल आहे?" आणि आज्जीनं रोज हो म्हणायचं. टाके काढायच्या दिवशी नर्सनं परत विचारलं आणि आज्जी रडली. बास, एवढंच. यावर तिनं काही जास्त सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आणि मग मी, शहाणा माणूस, कार्ड उलटं केलं. मागं डॉक्टरच्या अक्षरात निदान लिहिलेलं आहे. अक्षर डॉक्टरचंच, पण वाचता येतं. मी मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं.

आज्जी गप्प झाली. मग म्हणाली, "हे तुझ्या आजोबांनी कुणाला सांगितलं न्हवतं. मला ठावं होतं, त्यांना ठावं होतं. बाकी सगळ्यांना गाठ म्हणून सांगितलं." थोड्या वेळानं: "त्यात घेतलंस का हे?" तिनं फोनकडं बोट दाखवलं. मी हो म्हटलं. "काढून टाक."

मी तिला समजवायचा प्रयत्न केला. आता लाज वाटते, पण केला. म्हटलं, आज्जी, साठ वर्षं होत आली. आता कुणाला काय वाटणार आहे? उलट तेव्हाच्या बायकांना काय सोसावं लागलं हे लोकांना कळेल. ती म्हणाली, "लोकांना कळाया मी काय शाळा काढलीया?"

माझ्याकडं रेकॉर्डिंग तीन ठिकाणी होतं. फोनमध्ये, लॅपटॉपवर, आणि क्लाउडवर आपोआप चढलेलं. कुठलीही गोष्ट तीन जागी ठेवा, त्यातली एक घराबाहेर, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पाठांतर. रात्री बसून मी तो तेवढा अकरा मिनिटांचा तुकडा तिन्हीकडून कापला. क्लाउडची कचरापेटीसुद्धा रिकामी केली. एकदा एका हॉस्पिटलची वीस वर्षं पुसताना माझा हात थांबला नव्हता. ही अकरा मिनिटं पुसायला मला तासभर लागला.

बरोबर केलं का? मला वाटतं हो. पण ते सोपं उत्तर नाही हेही सांगतो. माझ्या एका इतिहासवाल्या मैत्रिणीचं म्हणणं, तू पुसायला नको होतंस, बंद करून ठेवायचं होतंस, पन्नास वर्षांनी उघडा म्हणून. तिचा मुद्दा खोटा नाही. अशाच बायकांची अशीच निदानं एकत्र केली तर त्या काळाबद्दल फार मोठं काही कळेल, आणि प्रत्येक नातवानं पुसलं तर कधीच कळणार नाही. पण आज्जीनं 'बंद करून ठेव' म्हटलं नव्हतं. 'काढून टाक' म्हटलं होतं. ती अजून आहे, तिचं ऐकायला हवं. आणि खरं सांगू का, तिनं साठ वर्षं एक गोष्ट आपल्या ताब्यात ठेवली होती, दवाखान्यानं लिहून दिलेली असूनही. ती माझ्या पॉडकास्टसाठी जायला नको.

यानंतर मी दवाखान्याच्या इतिहासाकडं जरा वेगळं बघायला लागलो. आधी माझ्या डोक्यात मोठी योजना होती. वेबसाइट, शोधायची सोय, नकाशा, नकाशावर गावागावांचे ठिपके, ठिपक्यावर टिचकी मारली की त्या गावातून मिरजेला गेलेली माणसं. डेटाबेसचा आराखडाही काढला होता. जिल्ह्याच्या रकान्याशी मी दोन दिवस झगडत होतो, कारण मिरज १९४८ पर्यंत संस्थान, मग दक्षिण सातारा, मग सांगली, आणि कारकून नऊ वर्षं मागं. तो प्रश्न सुटला. एका गावाला तारखेनुसार वेगवेगळे जिल्हे लावायचे आणि कार्डावर जे लिहिलंय ते वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं ठेवायचं, दुरुस्त करायचं नाही. स्पेलिंगचंही तेच. आज्जीचं चुकीचं नाव चुकीचंच राहील.

न सुटलेला प्रश्न आहे तो त्या कार्डाच्या मागच्या बाजूचा. आत्ता मी एवढंच ठरवलंय की मागची बाजू घ्यायचीच नाही. पुढची बाजू आणि आठवण. गाडी कुठली, सोबत कोण, कुठं उतरलात, काय खाल्लं, पैसे कुठून आणले, परत आल्यावर कोण भेटायला आलं. दवाखान्याच्या कुठल्याही रजिस्टरात हे नसतं आणि यातलं सांगायला सहसा कुणाची ना नसते. आज्जीला मी रेल्वेचं, टांग्याचं, भाकरीचं ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, हे ठेव, आणि आजोबांचं भाकरीचं जरा सावकाश लाव, लोकांना हसू दे.

ज्यांच्याकडं जुने कागद असतील त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कार्ड लॅमिनेट करू नका, ते प्लॅस्टिक नंतर निघत नाही आणि आतला कागद खराब होतो. घडी जिथं आहे तिथंच परत परत मोडू नका, सपाट ठेवा. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. फाइलला नाव देताना साल आधी, मग गाव. 'आयएमजी ४०३२' या नावाचा कागद सापडला असं आजवर झालेलं नाही. आणि ज्याचं कार्ड आहे तो माणूस हयात असेल तर आधी त्याला विचारा. मागची बाजू वाचायच्या आधी.

मिरजेला मी गेलो होतो, मागच्या हिवाळ्यात. रेल्वेनंच, लोणंदला बसून. आता लाइन ब्रॉडगेज आहे, गाडी किर्लोस्करवाडीला थांबली तेव्हा आज्जीला फोन लावला, दिवे आहेत म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मग? असणारच की." या लाइनीला माणसांच्या नावाच्या वाड्या बऱ्याच. कराडजवळ ओगलेवाडी, मग किर्लोस्करवाडी, आणि शेवटी वानलेसवाडी. पहिल्या दोन कारखान्यांच्या, तिसरी क्षयाच्या दवाखान्याची. रिक्षावाल्याला मी विचारलं, वानलेसवाडी हे नाव कशावरून? म्हणाला, "जुनं नाव आहे, साहेब. कुणीतरी वानलेस म्हणून पाटील असेल."

शेवटचं. या भागाला जे चित्र लावलंय त्यात कार्डाची पुढची बाजू आहे आणि नावाच्या जागी एक अंगठा दिसतोय. बऱ्याच जणांनी विचारलं की फोटो असा का काढला, नाव नंतर कॉम्प्युटरवर झाकता आलं असतं. आलं असतं. पण मी फोन धरला तेव्हा आज्जीनंच पुढं होऊन नावावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "हां, आता काढ."